भागूबाईची सासू

मनकर्णाबाईंनी तो दवाखाना पहिल्याच दिवशी नापास केला, आणि तोही एका अर्धवट लोटलेल्या दारातून आत बघून.

सुनेला तपासायला आत घेतलं होतं. नववा महिना लागलेला. बाहेरच्या बाकावर बसून बसून मनकर्णाबाईंचे गुडघे धरले, तशा त्या उठल्या आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागल्या. शेवटच्या खोलीचं दार पुरतं लागलेलं नव्हतं. आत बघतात तर पलंगावर एक रबराची बाई. डोक्यावर केस नाहीत, अंगावर धड कपडा नाही, कमरेखाली लालभडक पाणी सांडलेलं, आणि पाच-सहा नर्सा तिच्याभोवती नुसत्या तुटून पडलेल्या. कानशिलाशी पिकलेला एक डॉक्टर काही सांगत होता आणि एक पोरगी तेच मोठ्यानं परत म्हणत होती. मग कुणीतरी थांबा म्हणालं. लगेच सगळ्यांनी खुर्च्या ओढल्या आणि गोल करून बसले गप्पा मारत. पलंगावरची बाई तशीच ओली.

मनकर्णाबाई तरातरा बाकापाशी आल्या आणि मुलाला, शिवमला, म्हणाल्या, पिशवी उचल.

"हितं पोरी भातुकली खेळायल्यात. बाहुलीला बाळंत करायल्यात अन् मग गोल करून बसायल्यात. माझ्या सुनेवर हात बसवायला आणली नाय मी तिला. चल, कन्नडला जायचं."

कन्नडला त्यांचे जुने डॉक्टर होते. मनकर्णाबाईंचं अर्धं गाव, पिशोर, त्यांच्या हातावर जन्मलं होतं, आणि उरलेलं अर्धं घरीच जन्मलं, त्यातल्या वीसेक बाळंतपणांना मनकर्णाबाई स्वतः उशाशी बसलेल्या. दुसरीतून शाळा सुटली होती त्यांची, पण गावात कुणाच्या घरी काय शिजावं इथपासून कुणी कुणाला मुलगी द्यावी इथपर्यंत त्यांचा शब्द चालायचा. घरात तर दुसरा शब्दच नव्हता. मालक, म्हणजे तात्यासाहेब, शेतातून आल्यावर जेवायला बसायचे आणि जेवून उठायचे, एवढंच.

शिवम वाळूजच्या कंपनीत कामाला, बजाजनगरात खोली करून राहिलेला. हा शहरातला मोठा दवाखाना त्यानं निवडला होता, कारण सुनेच्या अंगात रक्त कमी होतं. तिचं नाव सायली. पण ते कॉलेजच्या नि नोकरीच्या कागदांवर. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं जे नाव लिहिलं ते मनकर्णाबाईंनी निवडलेलं, लक्ष्मी. पिशोरच्या घरात तिला सायली म्हणायची कुणाची टाप नव्हती. पहिलं बाळंतपण खरं म्हणजे माहेरचं, पण तिची आई ती लहान असतानाच गेली होती. त्यामुळे हा मान सासूकडे आला, आणि मनकर्णाबाई मान अर्धवट घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

शिवम हळू आवाजात समजावत होता, त्या चढ्या आवाजात नाही म्हणत होत्या, सून खाली बघत उभी होती. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "आजी, झालं का बोलून?"

कमरेवर हात ठेवून एक सिस्टर उभी होती. पन्नाशीची, अंगानं भरलेली, डोळ्यांत झोप साठलेली, पण आवाजात भरपूर जाग. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं कहकशा. बाळंतपणाच्या खोलीची सगळी सूत्रं तिच्याकडे, बावीस वर्षं.

मनकर्णाबाई म्हणाल्या की झालं नाही, अजून पुष्कळ आहे. कहकशा म्हणाली, मग ते उद्या सकाळी बोला, आतमध्ये, सगळ्यांसमोर. आम्हाला एक सासू पाहिजे.

मग तिनं सांगितलं ते असं. बाळंतिणीला रक्त जायला लागलं की हातात मोजकी मिनिटं असतात. त्या मिनिटांत कुणी काय करायचं हे तेव्हा ठरवत बसलं तर बाई हातची जाते. म्हणून दर महिन्याला रबराच्या बाईवर सगळ्यांनी मिळून तालीम करायची. चुका होतात त्या तिच्यावर होऊन जाऊ देत. त्या बाईचं नाव वॉर्डातल्या आयाबायांनी भागूबाई ठेवलंय. सगळं आहे, पण एक गोष्ट खोटी पडते. खऱ्या वेळेला नातेवाईक डोक्यावर बसलेले असतात, ओरडतात, हुकूम सोडतात. इथं सासू व्हायला शिकाऊ पोरी उभ्या करते, तर त्या हसतात.

"तुमच्यासारखी तोंडाळ सासू मला बावीस वर्षांत मिळाली नाही," कहकशा म्हणाली. "उद्या या. बघून पटलं नाही तर कन्नडची चिठ्ठी मी स्वतः लिहून देते."

तोंडाळ तर मनकर्णाबाईंना पुष्कळांनी म्हटलं होतं, पण मागे. तोंडावर म्हणून वर त्याच गुणासाठी आवतण देणारी ही पहिलीच. त्यांनी शिवमला पिशवी खाली ठेवायला लावली. फक्त उद्यापर्यंत, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठेवणीतलं इरकल नेसून हजर झाल्या. सोबत सायलीही होती, कारण तिला खोलीवर एकटं ठेवायचं नव्हतं. तिला कोपऱ्यात खुर्ची दिली. मनकर्णाबाईंनी आधी भागूबाईची पाहणी केली. सून म्हणता आणि उघडी ठेवता, असं म्हणून त्यांनी आयाबाईंकडून एक जुनं पातळ मागवून तिच्या अंगावर घातलं आणि पिशवीतून टिकलीचं पाकीट काढून कपाळाला एक टिकली चिकटवली. मग बादलीतल्या लाल पाण्यात बोट बुडवलं. बीट उकळून केलेलं पाणी होतं, कहकशा घरून करून आणायची.

"रक्त असं पाण्यावानी नसतं, बाई. त्याला दाटपणा असतो, गाठी असतात. साबुदाण्याची खळ करा अन् घाला यात."

खळ आली. पाण्यात पडली, आणि ते पाणी असं दिसायला लागलं की एक शिकाऊ पोरगी तोंड फिरवून उभी राहिली. डॉक्टर सोमनाथ, म्हणजे काल दारातून दिसलेले ते पिकल्या कानशिलांचे, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले की आजींनी आमची बरीच वर्षांची चूक सुधारली. मनकर्णाबाईंनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं.

तालीम सुरू झाली. भागूबाई नुकतीच बाळंत झाली आहे, रक्त थांबत नाही. पडद्याआड बसून तिच्या तोंडचं कहकशा बोलत होती, बारीक, दमलेल्या आवाजात. इकडे एकजण पोट दाबून चोळतेय, एकजण सुई टोचतेय, एकजण भिजलेली फडकी काट्यावर तोलून किती रक्त गेलं ते ओरडून सांगतेय, एकजण घड्याळ बघून सगळं लिहून घेतेय. मनकर्णाबाईंचं काम होतं अडथळा आणायचं, आणि ते त्यांनी मनापासून केलं. पोट चोळणारीला म्हणाल्या, कणीक मळतेस का. लिहिणारीला म्हणाल्या, सून मरायलीय अन् तू पत्र लिहायलीस. खोलीतला निम्मा गारठा त्यांच्या आवाजानं पळाला.

मग रक्ताची पिशवी आली. ती घेऊन आली मोनिका. फुलंब्रीहून रोज एसटीनं ये-जा करणारी, नोकरीला सहा महिने झालेली, हडकुळी, मोठ्या डोळ्यांची पोर. तिनं पिशवीवरचं नाव वाचलं, मनगटावरच्या पट्टीकडे बघितलं, आणि थबकली.

"ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा," ती भागूबाईला म्हणाली.

पडद्याआडून बारीक आवाजात काहीतरी सुरू झालं. पण तोवर मनकर्णाबाई बोलून मोकळ्या.

"तिला काय विचारतीस? ती शुद्धीत हाये का? भागूबाई नाव तिचं. माझी सून मला ठावं नाय का? लाव ती पिशवी, का उभी राहिलीस खांबावानी?"

मोनिकानं पिशवी लावली.

पडदा बाजूला झाला, कहकशानं हात वर केला, आणि सगळं थांबलं. पिशवीवर लिहिलं होतं भागूबाई बन्सी. मनगटावर होतं भागूबाई पुंडलिक. दुसऱ्या कुणाचं तरी रक्त चढलं होतं. खरी बाई असती तर त्यात दगावलीही असती.

आता मनकर्णाबाई वाट बघत होत्या ती शिव्यांची. चूक उघडी पडली की मोठ्यानं धाकट्याला बोलायचं, धाकट्यानं मान खाली घालायची, ही रीत त्यांना चांगली ठाऊक होती. त्यांच्या घरातली तीच रीत. त्याऐवजी खुर्च्या ओढल्या गेल्या आणि गोल झाला. आयाबाईसुद्धा त्या गोलात, डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीवर. मनकर्णाबाईंनाही खुर्ची दिली.

सगळ्यांत आधी डॉक्टर बोलले. म्हणाले, माझी चूक सांगतो. मी रक्त मागवा म्हणालो, पण कुणाचं नाव घेऊन म्हणालो नाही. हवेत बोललो, त्यामुळे दोन मिनिटं कुणी हललंच नाही. लिहिणारी म्हणाली, पहिल्या सुईची वेळ तिच्याकडून राहिली. आयाबाई म्हणाल्या, फडकी तोलली पण आकडा मनातच ठेवला. एवढा शिकलेला माणूस झाडूपोछा करणाऱ्या बाईसमोर स्वतःची चूक सांगतोय आणि ती बाई त्याच्यासमोर आपली सांगतेय, कुणाचं नाक कापलं जात नाही, कुणी खिल्ली उडवत नाही. मनकर्णाबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काल दारातून ज्याला त्या गप्पा म्हणाल्या होत्या ते हे होतं.

मग मोनिकाची पाळी आली. तिचे डोळे भरले होते, पण बोलली स्पष्ट.

"मला दिसलं होतं, मॅडम. नाव वेगळं आहे ते दिसलं होतं. पण आजी इतक्या ठाम बोलत होत्या, मला वाटलं माझंच चुकतंय."

कहकशानं तिला बोल लावला नाही. उलट म्हणाली, हे सांगितलंस ते फार चांगलं केलंस. मनकर्णाबाईंना राहवलं नाही. हिला रागवत का नाही, असं त्यांनी विचारलं. कहकशा म्हणाली, आज रागावले तर उद्या ही लपवेल. आणि मला लपवलेली चूक परवडत नाही.

मग तिनं मनकर्णाबाईंकडे बघितलं. "आजी, तुम्हाला काय दिसलं?"

सांगण्यासारखं मनकर्णाबाईंजवळ पुष्कळ होतं. रात्रीच त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. पण मोनिकाचं वाक्य कानातून निघत नव्हतं. दिसलं होतं, पण आजी ठाम बोलत होत्या.

कन्नडची लॅब त्यांच्या डोळ्यांपुढे आली. तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. बाजाराचा दिवस, जीपमधून उतरून त्या सुनेला रक्त तपासायला घेऊन गेल्या होत्या. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं. सुनेनं तोंड उघडलं होतं, पण उत्तर मनकर्णाबाईंनी दिलं. लक्ष्मी, पिशोरची. त्या माणसानं तेवढंच लिहिलं. बाकावर खालच्या आळीतली आणखी एक पोटुशी पोरगी बसली होती. तीही लक्ष्मी, तीही पिशोरची. नाव सारखं म्हणून दोघी हसल्यासुद्धा. संध्याकाळी घड्या घातलेले कागद हातात आले. घरी आल्यावर सुनेनं तो कागद उलगडला आणि हळूच म्हणाली होती, आत्याबाई, कॉलेजच्या ओळखपत्रावर माझं रक्त निगेटिव्ह लिहिलेलं होतं, यात पॉझिटिव्ह आहे. त्यावर मनकर्णाबाई काय म्हणाल्या होत्या तेही त्यांना आठवलं. कॉलेजात काय रक्त काढून शिकवत होते का. घरातली माणसं हसली होती. सून परत बोलली नव्हती.

तो कागद आत्ता शिवमच्या पिशवीत होता. तोच घेऊन त्या कन्नडला निघाल्या होत्या.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला काय कळणार होतं. चाळीस वर्षांत त्यांनी कुणापुढे माझं चुकलं असं म्हटलं नव्हतं; तशी वेळच येऊ दिली नव्हती. कोपऱ्यात सायली खुर्चीवर बसून पोटावर हात ठेवून त्यांच्याकडेच बघत होती. तिलाही आठवलंय हे मनकर्णाबाईंना त्या नजरेतच कळलं. आणि विचारल्याशिवाय ती बोलणार नाही हेही कळलं, कारण तशी ती त्यांनीच घडवली होती.

"माझ्या सुनेचं नाव लक्ष्मी नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ते म्या ठेवलेलं. तिचं नाव सायली हाये."

मग सगळं सांगितलं. खिडकी, बाक, दोन लक्ष्म्या, कागदाची घडी. ओळखपत्राची गोष्टही सांगितली, आणि आपण काय बोललो तेही, एक शब्द न गाळता. सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. आयाबाईंनी फक्त पाण्याचा ग्लास पुढे केला.

कहकशा उठली. सायलीसमोर जाऊन बसली, रक्त घ्यायला सुई काढली, आणि तिला पूर्ण नाव विचारलं. सायलीनं आधी सासूकडे बघितलं. सवयच ती. कहकशा सुई धरून थांबली. घाई तिला असणारच, पण तिनं तोंडातून दुसरा शब्द काढला नाही. मनकर्णाबाई भिंतीकडे बघायला लागल्या. तेव्हा सायली बोलली.

दुपारी कागद आला. ओ निगेटिव्ह.

कहकशानं समजावलं की हे रक्त दुर्मिळ, रक्तपेढीत पडून असेलच असं नाही, माणूस शोधून आणावा लागतो. आधी माहीत असलं तर दोन पिशव्या राखून ठेवता येतात. ऐन वेळी कळलं असतं, आणि त्यात अंगात रक्त कमी, तर... ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. मनकर्णाबाईंनीही तिला पुरं करायला लावलं नाही. त्यांनी पहिला फोन लावला तो तात्यासाहेबांना. म्हणाल्या, जेवण राहू द्या, आधी खालच्या आळीत जा आणि त्या लक्ष्मीला सांगा, तुझा कागद माझ्या सुनेचा आहे, रक्त परत तपासून घे. आणि सांगताना म्हणावं, चूक मनकर्णेची. ऐकू आलं का, असं तात्यासाहेबांना दोनदा विचारावं लागलं.

कन्नडचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट त्याच दुपारी तालीम दुसऱ्यांदा झाली, आणि मनकर्णाबाईंना कहकशानं बजावलं की मघापेक्षा जास्त ओरडा, दया करू नका. त्यांनी केली नाही. पिशवी घेऊन मोनिका आली तेव्हा त्या तिच्या अंगावरच गेल्या. मोनिका एक पाऊल मागे सरली. पण पिशवी तिनं छातीशी धरली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही जरा गप्प राहा. मला तिच्याच तोंडून ऐकायचंय."

पिशोरात असं बोलायची कुणाची छाती नव्हती. मनकर्णाबाईंना ते लागलं, सपकन लागलं, आणि त्याच वेळी वाटलं, ही पोरगी आपल्या घरात असती तर तो कागद घडीतच पकडला असता. तालीम संपल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि पिशवीतला लाडवांचा डबा सगळाच्या सगळा तिच्या हातात दिला. बारीक आहेस, म्हणाल्या, खात जा. आवाज तेवढा असाच ठेव.

सायली बाळंत झाली ती बाराव्या दिवशी, सकाळी साडेनऊला. त्या दवाखान्यात बाळंतिणीसोबत घरची एक बाई आत राहू देत. मनकर्णाबाई उशाशी होत्या. मुलगी झाली, आणि झाल्या झाल्या तिनं असा टाहो फोडला की आयाबाई म्हणाल्या, आजीवर गेली. मनकर्णाबाई हसत होत्या. हसता हसता त्यांची नजर खाली गेली, आणि पलंगाखाली थेंब थेंब नाही, धार लागलेली त्यांना दिसली. वीस बाळंतपणं बघितलेल्या बाईला ती धार कुणी समजावून सांगावी लागत नाही. खालच्या घरातली एक अशीच गेली होती, बैलगाडी जुंपेपर्यंत.

इथं कुणी सैरावैरा धावलं नाही. कहकशानं मदत हवी असं एकदाच म्हटलं आणि खोली भरली. ज्याची त्याची जागा ज्याला त्याला माहीत होती. डॉक्टर सोमनाथांनी नाव घेऊन सांगितलं, ज्याला सांगितलं त्यानं मोठ्यानं परत म्हणून दाखवलं, आणि झालं की झालं म्हणून सांगितलं. आयाबाईंनी फडकी काट्यावर टाकली आणि आकडा खणखणीत आवाजात सांगितला. लिहिणारीनं पहिल्या सुईची वेळ टिपली. मनकर्णाबाई त्यांना नेमून दिलेल्या कोपऱ्यात उभ्या होत्या, भागूबाईच्या वेळी होत्या तिथंच. शब्द तेच, हात तेच, क्रम तोच. तेव्हा त्यांना हे सगळं खेळ वाटलं होतं. आता या माणसांच्या एकेका हालचालीमागे किती महिन्यांच्या सकाळी आहेत ते त्यांना दिसत होतं, आणि मनात येत होतं की असं काम आपण उभ्या जन्मात बघितलं नाही.

राखून ठेवलेली पिशवी आली. मोनिकाच्या हातात होती. तिनं पिशवीवरचं वाचलं, मनगटावरची पट्टी वाचली आणि सायलीच्या कानाशी वाकली.

"ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

सायलीचे ओठ पांढरे पडले होते. डोळे उघडून मिटत होते. एक क्षण गेला, दुसरा गेला. मनकर्णाबाईंच्या जिभेवर नाव येऊन उभं राहिलं, खरं नाव, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. त्यांनी पदराचा बोळा केला आणि दातांत धरला. मोनिकानं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि परत वाकली. पुन्हा तेच विचारलं, तितक्याच शांतपणे.

"सायली," आवाज आला. "सायली शिवम मोकासे."

"जन्मतारीख?"

सायलीनं ती सांगितली, थांबत थांबत, सालासकट. मोनिकानं ती मोठ्यानं परत म्हटली, समोरच्या नर्सनं पट्टीशी ताडून पाहिली, आणि पिशवी लागली. नळीतून पहिला थेंब खाली आला.

कोपऱ्यात मनकर्णाबाईंनी पदर दातांतून सोडला. सून घरात येऊन दोन वर्षं झाली होती. तिची जन्मतारीख त्यांना त्या सकाळी कळली, आणि ती विसरू नये म्हणून त्या ओठांतल्या ओठांत घोकत राहिल्या.